दीड तास पुढे

चार तिकिटं की पाच, एवढंच नऊच्या आत सांगायचं होतं. पण लताचा निर्णय होत नव्हता. तिकिटं काढून देणाऱ्या भैयालालचा सकाळीच निरोप आला होता, ‘‘भाभीजी, यह भाव नौ बजे तक ही है.’’ आणि विनय सातलाच कामावर गेला होता. संरक्षण खात्याची फॅक्टरी. मोबाइल गेटवरच जमा करायचा. म्हणजे आता संध्याकाळपर्यंत नवऱ्याचा सल्ला नाही. काय ते तिलाच ठरवायचं होतं.

जायचं होतं क्विटोला. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाची राजधानी. हिंदी मुलखातल्या चेरीतालच्या घरातून निघालं की दिल्लीची गाडी आणि पुढं तीन विमानं. विनयची धाकटी बहीण बेबी तिथं राहायची. मित्रा आणि सुगत या पोरांना मात्र बुआपेक्षा, म्हणजे या आत्यापेक्षा, पृथ्वीच्या मधोमध आखलेली ती रेघ बघायची होती. एक पाय पृथ्वीच्या या अर्ध्यात, दुसरा त्या अर्ध्यात, असा फोटो काढायचा होता. शाळेला सुट्टी, त्यामुळे सकाळपासून दोघांची फरशीवर खडूनं रेघ ओढून उड्यांची तालीम चालली होती. ‘‘मम्मी, वहाँ फुल्की मिलेगी?’’ पाणीपुरीवेड्या सुगतनं आठवड्यात विसाव्यांदा विचारलं. लताच्या डोक्यात वेगळीच यादी फिरत होती. पिवळ्या तापाची लस, मुलांचे स्वेटर, विमानात सुगतच्या उलट्या. आणि या सगळ्यांच्या वर बाबा.

बाबा म्हणजे तिचे सासरे, लक्ष्मणराव. नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेलेल्या बेबीनं तिकडच्याच माणसाशी लग्न केलं आणि घरी कळवलं ते लग्न उरकल्यावर. त्या दिवसापासून बाबांसमोर तिचं नाव काढायची कोणाची छाती झाली नव्हती. विनयनं पासपोर्ट सगळ्यांचे काढले होते, बाबांचाही. पण काल जेवताना विषय निघाला, तेव्हा ताटावरची मान न उचलता बाबा म्हणाले, ‘‘मला काहून ओढून राहिले? माझं नाव नका टाकू.’’

विनय चिडला. हात धुता धुता लताला म्हणाला, ‘‘राहू दे त्यांना. चारच घे. नंदा येत जाईल घमापुरातून डबा घेऊन.’’

नंदा म्हणजे त्याची मावसबहीण, गावातच राहणारी, जिवाला जीव देणारी. डब्याची काळजी नव्हतीच. काळजी होती ती वेगळी. बाबा एकोणसत्तरचे. उद्या काही बरंवाईट झालं, तर बाप-लेकीची भेट राहिली ती राहिलीच. हे लताला रात्रभर खात होतं. पण बाबांचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माणसाला उचलून का विमानात बसवायचं?

हट्ट तरी एक असावा! त्यांच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ कायम दीड तास पुढे. नऊ वर्षांपूर्वी रिटायर झाले त्याच वर्षापासून. लतानं ते दोनदा बरोबर लावलं. दोन्ही वेळा दिवस मावळायच्या आत पुन्हा दीड तास पुढे. घरातले त्यावर पोट धरून हसायचे. ‘‘अडतीस वर्षं फॅक्टरीच्या भोंग्याच्या आधी गेटवर पोचलेला माणूस आहे,’’ विनय म्हणायचा, ‘‘अजून उशिराची धास्ती आहे त्यांना.’’ दुसरा हट्ट रेडिओचा. सकाळी साडेआठ झाले की बाबा तो खटकन बंद करायचे आणि मुलांना दटावायचे, ‘‘आवाज कमी करा.’’ ऐन सकाळी घरानं तोंड मिटून बसायचं! म्हातारपणी कान हळवे होतात, असं म्हणून लतानं ते सोडून दिलं होतं.

सव्वाआठला तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि बेबीला फोन लावला.

‘‘वहिनी, मुलांचे स्वेटर जाडच आणा,’’ बेबी म्हणाली. ‘‘उंचावर आहे हे गाव. दिवस मावळला की कुडकुडायला होते.’’ मग हळूच, ‘‘बाबा येऊन राहिले का?’’

‘‘मनवून राहिले मी,’’ लता म्हणाली. खोटं होतं ते.

बेबी मग मुलांच्या खाण्यापिण्याचंच विचारत राहिली. शेवटी ती म्हणाली, ‘‘चला वहिनी, ठेवते. दहा वाजले. दहाला दिवा बंद, बाबांनीच लावलेली सवय. इथं येऊनही सुटली नाही.’’

फोन बंद झाला आणि त्याच क्षणी आतला रेडिओही खटकन बंद झाला. ‘‘आवाज कमी करा,’’ बाबांनी मुलांना दटावलं.

लता हातातला फोन तसाच घेऊन त्यांच्या दारात गेली. फोनवर सकाळचे साडेआठ. भिंतीवरच्या घड्याळात दहा. दिवसाचे की रात्रीचे, हे काटे सांगत नाहीत. क्विटोत रात्रीचे दहा वाजले होते. म्हणजे ते घड्याळ नऊ वर्षांत एक मिनिटही चुकलं नव्हतं. बाबा खुर्चीत बसून त्याच्याकडेच बघत होते. आपण यावर हसत होतो, या विचारानं लताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हातातला फोन वाजला. भैयालाल. ‘‘भाभीजी, चार ही ना?’’

‘‘नहीं भैया,’’ लता म्हणाली. ‘‘पाँच.’’

बाबा ताडकन उठले. ‘‘पाच काहून?’’ त्यांचा आवाज चढला. ‘‘काल सांगितलं होतं ना मी, माझं नाव...’’

लतानं ओठांवर बोट ठेवलं.

‘‘हळू बोला, बाबा. बेबीताई आत्ताच झोपल्या.’’