हिरवा पुडा

रुई-फेनने पुड्यावरची चिकटपट्टी पुन्हा एकदा अंगठ्याने दाबली आणि हात झटकन मागे घेतला. परीक्षक अजून पलीकडच्या रांगेत होते.

पुडा मक्याच्या कुरकुऱ्यांचा होता, हिरव्या रंगाचा. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी तो चिकटवलेला होता. त्यात वावगं काही नव्हतं. ताइनानच्या त्या तंत्रविद्यालयात प्रत्येक यंत्रावर असा पुडा होता. हिरवा असला की यंत्र गुणाने वागतं, अशी तिथली समजूत. लाल-पिवळा चालत नाही, तारीख उलटलेला तर मुळीच नाही, आणि काम होईपर्यंत परक्या पुड्याला कुणी हात लावत नाही. म्हणूनच रुई-फेनने तो खालून फाडला होता, कुरकुरे काढून टाकले होते आणि आत बॅटरी बसवली होती.

तिचं यंत्र खोटं नव्हतं. त्या काळी सगळ्यांच्याच स्कूटरी पेट्रोलवर चालत, आणि सायलेन्सरची उष्णता हवेत फुकट जाई. तिच्यातून वीज काढण्यासाठी रुई-फेन वर्षभर खपली होती. सायलेन्सरवर तिने चकत्या बसवल्या होत्या. त्यांची आतली बाजू तापे, बाहेरची गार राही, आणि त्या फरकातून वीज तयार होई. धावत्या गाडीवर दिवा सुरेख लागे. उभ्या गाडीवर मात्र चकत्या दोन्हीकडून तापत आणि दिवा विझे. प्रदर्शनात गाडी उभीच राहणार होती.

"वाराच लागत नाही गं तिला!" काल ती मैत्रिणीला फोनवर रडत रडत सांगत होती. मागे आई दुकानासाठी आंबे सोलत बसली होती.

निवड झाली तर ताइचुंगच्या कारखान्यात नोकरी पक्की होती. आईने ते गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

तेवढ्यात तिला सही करायला बोलावलं. तिथे बराच वेळ गेला. परत येऊन पाहते तर स्कूटरजवळच्या स्टुलावर आई. पायात प्लास्टिकच्या चपला, अंगावर बर्फाच्या दुकानातला डागाळलेला एप्रन. हातात निवडणुकीत फुकट वाटलेला पंखा, त्यावर दात काढून हसणारा उमेदवार.

"तुला येऊ नको म्हटलं होतं ना!"

"दुकान मावशीवर टाकून आलेय. बसते जराशी. केवढं उकडतंय इथे!"

परीक्षक आलेच. पुढे पांढऱ्या केसांच्या जुआंगबाई होत्या. रुई-फेनने स्कूटर सुरू केली, आणि थोड्या वेळाने दिवा लागला. चांगला लख्ख लागला. ती गुडघ्यांवर बसून समजावून सांगू लागली. आणि आई वारा घालत होती. स्वतःला नाही, लेकीलाही नाही. सायलेन्सरला.

"आई, थांब ना. लोक बघतायत."

"बघू देत."

शेजारच्या टेबलावरून तिचा वर्गमित्र वेइ-झे ओरडला, "रुई-फेन, पंखा कुठून आणलास गं? बोलणारा दिसतोय!"

सगळे हसले. रुई-फेनचे कान तापले. पुड्यात बॅटरी लपवणाऱ्या आपल्याला आईच्या चपलांची लाज वाटतेय, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला मान वर करवेना.

"छान," जुआंगबाई म्हणाल्या. "आता इंजिन बंद कर."

"बंद?"

"हो. दिवा उष्णतेचा असेल तर हळूहळू विझेल. कुणी चोरून बॅटरी लावली असेल तर तसाच जळत राहील. गेल्या वर्षी एकाने लावली होती."

हे रुई-फेनच्या डोक्यात आलंच नव्हतं. किल्लीवरचा तिचा हात हलेना. आता सगळ्यांना कळणार होतं. आईसमोर कळणार होतं.

"बाई, मला काही सांगायचंय..."

पंख्याची कड तिच्या खांद्यात रुतली. "आधी बंद तर कर," आई म्हणाली. "बाईंना पुढे जायचंय."

तिने किल्ली फिरवली आणि डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा दिवा मंदावला होता. सायलेन्सर निवत गेला तसा तो आणखी मंदावला, आणि विझला.

"उष्णतेचाच आहे," जुआंगबाई सोबतच्या परीक्षकांकडे वळून म्हणाल्या. "आणि पंख्याचं म्हणाल तर रस्त्यावर वारा मिळतोच. ही घेऊ या." मग आईकडे वळल्या. "हात भरून आला असेल हो तुमचा."

"छे हो, जन्मभर बर्फ खिसतेय मी."

बाई हसत पुढे गेल्या. वेइ-झेने टाळ्या वाजवल्या. रुई-फेन जागची हलली नाही. तिने पुड्यावर बोट दाबलं. आत कुरकुरे चुरचुरले.

"आई, हा पुडा..."

"जुन्याची तारीख उलटली होती. तसला यंत्रावर ठेवतात होय? फाटकाबाहेरच्या दुकानातून नवा आणला." आई मनगट चोळत होती. लेकीकडे तिने पाहिलं नाही. "दोन तारा लोंबत होत्या, त्या खाली खोचल्यात."

तिने पिशवीतून जुना पुडा काढला. खालचं फाटलेलं तोंड दुमडून त्याला रबर लावलेलं होतं. वीट द्यावी तसा दोन्ही हातांनी तिने तो रुई-फेनच्या हातात दिला, पंखा काखेत धरला आणि चपला फटफट वाजवत दुकानाकडे निघाली.

रुई-फेनने पुडा उलटा केला. तारीख पुढच्या वर्षीची होती.