पुलाखालचं मुंडकं

बोर्निओतल्या कापुआस नदीवर गोऱ्या साहेबाचा पूल ठरला आणि गावात कुजबुज सुरू झाली, की पायाखाली एका पोराचं मुंडकं पुरल्याशिवाय असा पूल टिकत नाही. रेंगाच्या आईने घरातला पिढीजात, सोन्याच्या मोलाचा रांजण उचलला आणि थेट गावप्रमुख लिंगीरच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"लिंगीरदादा, ही घे तू मागत होतास ती पुलाची वर्गणी. माझ्या रेंगाकडे बघायचंसुद्धा नाही!"

"रेंगाची आई, मी काय मुंडकी तोडत फिरतो?"

"तू नाही तोडणार, पण बोट तर तूच दाखवणार!"

"बरं बाई, नाही दाखवत."

तिचा संशय जाईना, म्हणून ती बाहेर दाराआड थांबली. आतल्या खोलीतून साहेबाचा आवाज आला.



"लिंगीर, गोष्ट झकास रचलीस. पैसे अजून कमी आहेत, वरच्या गावातही हीच सांग."