फोनवरची शिफारस

‘हा विभाग विद्यार्थ्यांच्या जिज्ञासेची जोपासना करतो,’ असे महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत विभागप्रमुखांच्या छायाचित्राखाली छापलेले आहे. या वाक्यातील विभाग खरा आहे, विद्यार्थीही खरे आहेत. जोपासनेविषयी एवढेच सांगता येईल, की तिथल्या प्रयोगशाळेत निष्कर्ष आधी लिहितात आणि प्रयोग मागाहून करतात. दोहोंचा मेळ बसला नाही, तर गुण प्रयोग करणाऱ्याचे कापले जातात.

त्या सकाळी विभागप्रमुख कडक इस्त्रीचा सदरा घालून प्रयोगशाळेत आले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशातल्या एका प्रयोगशाळेत काम शिकायला मिळावे, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने अर्ज केला होता. जागा एकच, अखेरच्या दोन नावांत एक तिचे. तिथल्या मराठी शास्त्रज्ञ बाई आता शिफारशीसाठी सरांना फोन करणार होत्या.

“ये, उभी राहा इथं. आज तुझं सोनं करून टाकतो बघ,” सर म्हणाले. “फक्त मध्ये तोंड उघडायचं नाही.”

“नाही सर.”

“ती कशाला उघडतेय?” मोरीपाशी बश्या विसळणारा मदतनीस म्हणाला. “तिच्यापेक्षा आमचा हा नळ बोलका.”

खिडकीत एका बशीत तिने पाण्यातले चपटे कृमी पाळले होते. डोके कापले, तर नवे डोके उगवणारे. एकदा तिने अगदी अरुंद तुकडा कापला, आणि त्याला दोन्ही टोकांना डोकी फुटली. शेपटी कुठे हवी, हे तो कसा विसरला? घरी तिने हे सांगितले तेव्हा आईने पोळपाट बाजूला सारला होता. “अगं बाई! मग जायचं कुठं, हे ठरवणार कोण?” दोघी खूप हसल्या होत्या, आणि मग तिला झोप लागली नव्हती. अर्जात तिने हेच लिहिले होते. सरांनी अर्ज तपासताना तेवढाच परिच्छेद खोडला. “आपल्याला जे माहीत नाही, ते जगाला सांगत सुटायचं नसतं, बाळ.”

फोन वाजला. सरांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

“गुण उत्तम आहेत, हातही सफाईनं चालतो असं दिसतं,” बाईंचा आवाज म्हणाला. “माझी अडचण वेगळी आहे. ह्या मुलीला नेमकं काय जाणून घ्यायचंय, ते मला अर्जात सापडलंच नाही.”

मुलीचे बोट नकळत बशीच्या दिशेने वळले.

“मॅडम, मनापासून सांगतो,” सर म्हणाले, आणि ते खरोखरच मनापासून सांगत होते, “इतकी वर्षं शिकवतोय, अशी गुणी मुलगी पाहिली नाही. सांगाल ते करते, सांगाल तेवढंच करते. वर मान करून बघायची नाही.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला.

“ते कळलं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात आता एक आर्जव होते. जणू जागा द्यायचीच आहे, कुणीतरी एक कारण हातात ठेवावे. “पण ती विचारते काय?”

मुलगी टेबलाकडे सरकली. वाक्य तयार होते. आईला ऐकवलेले, रात्ररात्र घोळवलेले, खोडल्यावरही शब्द न् शब्द पाठ असलेले. “सर, मी...” एवढेच बाहेर आले, तेही बशीतल्या पाण्यावर तरंग उठणार नाही इतक्या हळू.

सरांनी तिच्याकडे न बघता तळहात उभा केला. ती जागीच थांबली. थांबायला तिला प्रयास पडले नाहीत.

बाईंना ह्या मुलीच्या प्रश्नांचा जाच होईल की काय, अशी भीती वाटत असावी, असा सरांचा समज झाला. ते फोनवर वाकले आणि धीर देणाऱ्या आवाजात म्हणाले,

“छे हो मॅडम, त्याची अजिबात काळजी करू नका. पहिल्या वर्षी विचारायची, अगदी भंडावून सोडायची. ती खोड मी मोडली.”