ताटकेचा नारळ

शेवटचं गाणं संपलं आणि मागच्या खुर्च्यांवरून जुने चाहते ओरडले, "ताटके, फोड आता."

पंक बँड होता तेव्हा ताटके दर कार्यक्रमाच्या शेवटी गिटार आपटून फोडायचा. बँड कधीच मोडला. आता साठीत तो एकटाच गात होता आणि गिटारही एकच उरली होती. ज्येष्ठ नागरिक संघाने दिलेल्या शाल-श्रीफळाकडे त्याची नजर गेली. जुना संताप उफाळून आला. त्याने नारळ उचलला आणि दाणकन स्टेजवर आपटला.

पहिल्या रांगेतल्या आजींनी हात जोडले. अध्यक्ष लगबगीने वर आले आणि तुकडे गोळा करत म्हणाले, "कुणीतरी साखर आणा रे."

ताटकेने ठेवणीतली शिवी हासडायला तोंड उघडलं. अध्यक्षांनी त्यात प्रसाद घातला.