मागाच्या पलीकडून

सारजाबाई पैठणला चाळीस वर्षं पैठणी विणत आल्या. सरकारी प्रमाणपत्र मिळालं, तरच त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या सहा मुलींना विद्यावेतन सुरू होणार होतं, म्हणून या वयात त्या परीक्षेला बसल्या. संभाजीनगरहून परीक्षक आले. कागदपत्रं सांभाळायला मीही एसटीनं त्यांच्यासोबत आलो होतो.

बाईंनी पदरावर मोर भरायला घेतला आणि परीक्षकांनी पुस्तक उघडलं.

"मावशी, मोर डावीकडून सुरू करायचा असतो. तुम्ही उजवीकडून केलात. नापास करावं लागेल."

"चाळीस वर्षं उजवीकूनच करती, सायेब. हे लिवणारा कधी मागावर बसलाय का?"

मुली फिसकन हसल्या. मी कोपऱ्यातून हळूच हात वर केला.

"नाही बसलो. पुस्तक माझंच आहे. वीस वर्षांपूर्वी लिहिताना बाईंच्या शेजारी बसायचा संकोच वाटला, म्हणून मागाच्या पलीकडून बघत होतो. त्यांचं उजवं मला डावं दिसलं."



बाई पास झाल्या, आणि शेजारची जागा पदरानं झटकून मला म्हणाल्या, "या आता, अलीकडं बसा."