आडवी इमारत

"हात काढ तिथून!" विक्रीचे साहेब खेकसले.

तिनं चिमटा मागे घेतला. टेबलावर अख्खी नवी वसाहत मांडलेली होती. पुठ्ठ्याची, काचेची, स्पंजाच्या झाडांची. सगळी तिनंच कापून, चिकटवून बनवलेली. मॉडेलं बनवणं हाच तिचा धंदा. पुढे हमरस्त्याला लागून निळे मनोरे, त्यांच्या पायाशी बाग आणि पोहण्याचा तलाव. पार मागे, नाल्याच्या काठावर, एकच लांबलचक करडी इमारत. बिनगॅलरीची, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, आडवी. ती जुन्या रहिवाशांसाठी. म्हणजे तिच्या घरच्यांसाठीच.

मॉडेलमध्ये निळे मनोरे होते, तिथे खरं तर अजून त्यांची बैठी घरं होती. सासऱ्यांचा जन्म तिथे गेला. मग रस्ता रुंद झाला, जागेला सोन्याचा भाव आला आणि तीच घरं लोकांच्या डोळ्यांत खुपायला लागली.

"दगडापेक्षा वीट मऊ," सासरे म्हणाले होते. "मागे तर मागे. पक्कं घर मिळतंय. पण त्या नाल्याचं तू बघून सांग, सूनबाई. तू हो म्हणालीस की मी सही करतो."

नाला तिनं बघितला होता, लेकीला कडेवर घेऊन. काळं, दाट पाणी आणि त्यावर फुगून तरंगणारं काहीबाही. पोरीनं 'शी' करून आईच्या मानेत नाक खुपसलं, ते घर येईपर्यंत काढलं नाही. घरी येऊन ओकली. न्हाऊ घातल्यावरही तिच्या जावळाला तो वास येत राहिला.

"साहेब, ही इमारत फक्त मधोमध चिरून दोन करू," ती म्हणाली. "मधे फट राहिली तर वारा खेळेल, वास कोंडणार नाही. लहान पोरं आहेत हो आमची."

"इथल्या वीतभर जागेचा भाव ठाऊक आहे का, बाई? आणि तुला ती वाऱ्यासाठी हवी! घर फुकट, वर वाराही फुकट. बोट दिलं की मनगट धरायचं!"

तिला किळस आली. पण नवल वाटलं नाही. हावरी माणसं तिनं थोडी पाहिली नव्हती. तिनं इमारत होती तशी दाबून बसवली. तेवढ्यात फोन वाजला.

"सूनबाई, माणूस कागद घेऊन दारात उभाय. करू का सही?"

खिडक्या लावून घेऊ, तिनं मनाशी म्हटलं. होईल सवय. पोरं काय, वाढतातच.

"बाबा..."

काचेचं दार ढकलून एक जोडपं आत आलं. बाईंनी नाकाला रुमाल लावलेला.

"जागा छान आहे हो, पण मागचा तो नाला! आमच्याकडे तान्हं बाळ आहे."

साहेबांच्या आवाजाला लोणी लागलं. अंगठीचं बोट त्यांनी करड्या इमारतीवरून सावकाश, लाडानं फिरवलं.

"निर्धास्त राहा, ताई. वास तुमच्यापर्यंत पोचतच नाही, इथंच अडतो. तेवढ्यासाठी तर ही माणसं मधे ठेवलीत!"