गुलाल कुणाचा?

गडहिंग्लजकडच्या एका गावात हंबीरराव सरपंचपदाला उभे होते. प्रचारसभेत ते माईकवर गरजले, "साडी नेसणारा बाप्या गावाचा सरपंच? पावण्यारावळ्यांत तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाय!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

सभा संपली तसे ते नारळ घेऊन तडक यल्लम्माच्या देवळात गेले. तिथं देवीला सोडलेला जोगता बसायचा. सगळा गाव त्याला तायव्वा म्हणायचा. हंबीररावांनी तायव्वाच्या पायांवर डोकं टेकवलं. "आई, भंडारा लावा. औंदा गुलाल माझाच उधळला पायजे."

लुगड्याचा पदर सावरत तायव्वानं भंडाऱ्याची चिमूट उचलली.

"लावते की. पण हंबीरराव, तुमच्या समोर उभारलंय कोण?"

पायांवरचं डोकं न उचलता हंबीरराव म्हणाले, "तुम्हीच की, आई!"